बापूंच्या विहिरीचं पाणी

बापूंच्या विहिरीवर गेलं की आधी पाणी प्यावं लागे. तहान असो वा नसो. तुम्ही तलाठी असा, बियाणं विकणारे असा, नाहीतर त्यांच्या शेळीनं तुमचा मका खाल्ला म्हणून काठी घेऊन आलेले असा, बापू पितळी तांब्या पुढं करायचे आणि म्हणायचे, "आदी पाणी. मग काय बोलायचं ते बोला."

मक्याचं भांडण घेऊन मीच गेलो होतो. घटाघटा पाणी प्यालो, तोंड पुसलं आणि म्हणालो, "बापू, तुमची ती शेळी..."

"दमानं. पाणी पेल्यावर भांडायला जोर येतो, म्हणून तर देतो. हां, आता बोल."

मला हसू आलं आणि मका राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात वैरणीचा भारा येऊन पडला होता. कुणी टाकला ते विचारायची गरज नव्हती.

आमचं गाव आण्याच्या पठारावर. कड्यावर उभं राहिलं की खाली कालव्याचा हिरवा मुलूख दिसतो, ऊस, द्राक्षं, टोमॅटो. ते पाणी वर चढत नाही. वर आमच्याकडं वारा, दगड आणि बाजरी. असल्या गावात बापू बाराही महिने काळी छत्री घेऊन हिंडायचे. तिची एक काडी मोडली होती, तिथं त्यांनी बाभळीची बारीक फोक सुतळीनं बांधली होती. बाहेरचे लोक हसायचे. बापूंना त्याचं काही नव्हतं. "एखाद्या दिवशी आला पाऊस, अन् आपल्याकडं छत्रीच न्हाई, तर त्याला वाटंल हितं आपली कुणी वाटच बघत नव्हतं," असं ते म्हणायचे. उन्हात मात्र छत्री उघडायचे नाहीत. ऊन घरचं माणूस, त्याला कसली छत्री, हा त्यांचा न्याय.

बापूंचं सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सांगायला मला आवडतं. पण मी लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. बापूंच्या नावावर गावानं एक चूक लावली आहे. ते गेले तेव्हाही ती त्यांच्या नावावर होती. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. आता मी ऐंशीच्या घरात आहे. पठारावरची निम्मी घरं पुण्याला आणि चाकणला गेली, ती माणसं दहाव्या-तेराव्यालाच भेटतात. प्रत्येकाला गाठून सांगणं माझ्या गुडघ्यांना जमणार नाही, म्हणून हे कागदावर.

बापूंचं शेत माझ्या शेताच्या वरच्या अंगाला. मधे एक बांध, बांधावर एक कडुनिंब. आमच्याकडं बांध कोरायची खोड आहे. नांगर धरला की वीतभर पलीकडं सरकायचं, दरवर्षी थोडंथोडं. बापू उलटं करायचे. पावसाळा संपला की पाटीनं माती आणून आपल्या बाजूनं बांध जाड करायचे. "बारीक बांधावर दोन माणसं बसत न्हाईत," म्हणायचे. त्यांनी टाकलेल्या मातीवर बसून मी निम्मं आयुष्य त्यांच्याशी गप्पा मारल्या.

मी एसटीत कंडक्टर होतो. आठवडेच्या आठवडे बाहेर. शेत माझी बायको बघायची, आणि खरं सांगायचं तर बापू बघायचे. पठारावर सावडीची रीत होती. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. पुढं मजूर टोळीनं मिळायला लागले, ट्रॅक्टर आले, सावड मोडली. बापूंनी ती एकट्यानं चालू ठेवली. तुमच्या रानात काम निघालं की न बोलावता हजर. कुणी म्हटलं, "बापू, आता मी तुमच्याकडं कधी येऊ?" तर म्हणायचे, "तू नगं येऊस. तू शेजाऱ्याकडं जा." एका हिवाळ्यात माझी रजा नामंजूर झाली आणि कांद्याची लागण अंगावर आली. मी आळेफाट्याला उतरून, जीप पकडून, धापा टाकत रानात पोचलो तेव्हा सगळे वाफे लावून झाले होते. बापू बांधावर भाकरी खात बसले होते. मला म्हणाले, "या पावणं. कुणाकडं आलात?"

विहिरीच्या वर एक सपाट खडक आहे. त्यावर चढून बापू हाळी द्यायचे. गावात देवळावर कर्णा आला तरी हाळी चालूच. कर्ण्यावर कोण बोलतंय ते कळत नाही आणि त्याला उलटून काही विचारता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. कुणाचा बैल सुटला, कुणाकडं मयत झाली, टँकर कुठं अडकला, सगळं त्या खडकावरून. लोकांना नको असलेलंही त्यात असायचं. "ओऽऽ ऐका, वरच्या आळीला पोरगी बघायला पावणं आल्यात, वाटंत शेळ्या सोडू नका," असं ओरडल्यावर वरच्या आळीतल्या माणसानं डोक्याला हात लावला होता. बापूंना लपवाछपवी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मनात आलं की खडकावर.

आता विहिरीचं.

बापूंची विहीर पठारावरची सगळ्यांत जिवंत विहीर. वडिलांनी सुरुंग लावून खणलेली. आत उतरायला पायऱ्या, आणि मधल्या पायरीशेजारी सातीआसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवींचा, कोनाडा. पाऊसकाळ संपताना कोनाडा पाण्याखाली असायचा आणि ऐन उन्हाळ्यातही पाणी त्याच्या थोडंच खाली राहायचं. गावाच्या विहिरी शिमग्याआधीच तळ दाखवत. म्हणून बापूंनी एक नेम केला होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीतली मोटार वर काढायची आणि पाऊस पडेपर्यंत पुन्हा सोडायची नाही. पाणी तेव्हापासून गावाचं. बाया घागरी घेऊन येत, गुरं हौदावर येत, धनगरांची मेंढरं येत. बापूंचं स्वतःचं रान त्या काळात पांढरं पडलेलं असे.

मोटार काढायचा तो दिवस म्हणजे आमच्याकडं सण होता. दोराला गडी लागायचे, बापू काठावर वाकून दोर कुठं घासतो ते बघायचे. मोटार वर आली की वहिनी, म्हणजे बापूंची बायको, सगळ्यांना गूळ आणि पाणी द्यायच्या. मग मोटार पुसून बापूंच्या खाटेखाली जायची. "उन्हाळाभर ही निजती अन् मी जागतो," बापू म्हणायचे.

शेजारच्या गावात एकापाठोपाठ एक बोअर झाले आणि तिथल्या विहिरी मेल्या. तेव्हा बापूंनी आम्हा ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना देवळात नेलं. सगळ्यांनी हातात देवाचा भंडारा घेतला आणि शपथेवर सांगितलं की आमच्या रानात बोअर घेणार नाही. मीही घेतला. हळदीचा रंग दोन दिवस बोटांवर होता.

मी निवृत्त झालो, हातात पैसा आला, आणि डाळिंबाची बाग लावली. गावात मी पहिलाच. बागेला उन्हाळ्यात पाणी लागतं. माझी विहीर माघातच खडखडीत व्हायची. तेव्हा आळेफाट्याच्या एका हॉटेलात चहा पिताना एकाशी ओळख झाली. तो आडवे बोअर मारायचा. विहिरीत मशीन उतरवायचं आणि तळाजवळच्या कातळात आडवी भोकं पाडत न्यायची, लांबवर, दुसऱ्याच्या रानाखालीसुद्धा. वरून काही दिसत नाही. भोकाच्या टोकाला कुणाचा झरा लागला, ते जमिनीच्या वरच्या माणसांना कळत नाही. मी स्वतःला सांगितलं की भंडारा उचलला तो जमिनीवरून घेतात त्या बोअरसाठी. स्वतःला पटवायला वेळ लागला नाही.

गावाला सांगितलं, विहीर खोल करतोय. मशीन उतरवायच्या दिवशी दोराला माणसं कमी पडली. बापूंनी कडुनिंबाखालून बघितलं, छत्री बांधाला टेकवली आणि येऊन दोर धरला. "हिरीचं काम काढलंस, लई ब्येस केलंस. पाण्याला वाट दिली की पाणी येतंच," म्हणाले. दुपारी आत उतरलेल्या दोघा माणसांसाठी घरून भाकरी आणि ठेचा घेऊन आले.

बापू जेवायला घरी गेले तेव्हा त्या मशीनवाल्यानं खालून विचारलं, "मालक, कुठल्या अंगानं मारू?"

मी काठाशी गेलो. हात वर केला आणि कडुनिंबाकडं दाखवला.

पाणी लागलं. इतकं लागलं की मशीन घाईनं वर घ्यावं लागलं.

त्याच हिवाळ्यात बापूंचा धाकटा भाऊ वारला होता. त्याच्या बायकोनं दुःखातच कांदा लावला, तोही उशिरा. होळी आली तेव्हा कांदा अजून हिरवा होता, त्याला आणखी पाणी लागणार होतं. बापू धुळवडीच्या सकाळी खडकावर चढले आणि सगळ्या पठाराला ऐकू जाईल असं ओरडले, "ओऽऽ ऐका, यंदा मोटार थोडी उशिरानं निघंल. भावजयीचा कांदा हाय. कुणाची हरकत असंल तर आत्ता सांगा." कुणी काही म्हटलं नाही. कोण म्हणणार होतं?

कांद्याला पाणी मिळालं. मग मोटार वर काढली. आणि बापूंची विहीर आटायला लागली. आधी कोनाडा उघडा पडला, मग पायऱ्या संपल्या, मग तळाचा गाळ दिसायला लागला. त्या विहिरीचा तळ माझ्या पिढीनं कधी बघितला नव्हता. बाया घागरी घेऊन यायच्या आणि काठावर उभ्या राहायच्या.

गाव लगेच बोललं असं नाही. आधी कुजबुज झाली. मग एकीनं भावजयीला विहिरीवरच सुनावलं, "तुझा कांदा पिकला बाई, आमच्या नरड्याला कोरड पडली." मग पुरुष बोलायला लागले. नेम मोडला. देवाचं पाणी होतं, ते घरच्या माणसासाठी उपसलं. आसरा कोपल्या. भावजय कळंबला माहेरी निघून गेली. तिचा काढलेला कांदा साठवणीच्या चाळीतच राहिला, बापूंनी तो विकून पैसे तिला पोचवले. ती पुन्हा पठारावर राहायला आली नाही.

बापूंनी वाद घातला नाही. ते एकदा खडकावर चढले. सगळ्यांना वाटलं, आता काही सुनावतील. ते एवढंच म्हणाले, "माजं चुकलं. मी नेम मोडला. भावजयीला बोलू नका, मोटार मी चालू ठेवली व्हती." आवाज नेहमीसारखा लांब गेला नाही. मी माझ्या बागेत नळ्या बघत उभा होतो आणि मला प्रत्येक शब्द ऐकू आला. त्यानंतर बापूंनी कधी हाळी दिली नाही.

तिथंच, त्या क्षणी, मी चार पावलं चालून खडकाशी जायला हवं होतं. गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. उद्याचे महिने झाले.

माझ्या विहिरीला तर भरपूर पाणी होतं. टँकर वेळेवर येईना, तेव्हा मी विहीर गावाला मोकळी केली. मला वाटलं, यानं फेड होईल. लोक म्हणाले, खोल केली म्हणून लागलं, आणि बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून सांगितलं की माझा सत्कार झाला पाहिजे. ते बापू होते. शाल त्यांनीच माझ्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि कानाशी म्हणाले, "माजं काम तू उचललंस गड्या. मला लई हलकं वाटलं."

ती शाल मी वापरली नाही. टाकूनही दिली नाही. ट्रंकेत आहे.

बापू आपल्या विहिरीचं पाणी पीत नसत. पावसाळ्यात थोडंफार भरायचं तेही नाही. त्यांचा हक्क गेला, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मोटार खाटेखालीच राहिली, तिच्यावर धूळ बसली. रोज सकाळी ते छत्री आणि एक लहान कळशी घेऊन बांध ओलांडून माझ्याकडं येत. मी तांब्या भरून देत असे. ते ओट्यावर बसून सावकाश पीत. मग डोळे मिटून म्हणत, "गोड हाय. आमच्या हिरीवाणीच लागतंय, न्हाई?"

मी "हो" म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या विहिरीचंच होतं ते.

बापूंना माहीत होतं का, असा विचार मी पुष्कळ केला आहे. माहीत असावं, आणि ते मला सांभाळून घेत असावेत, असं मानलं तर मला जरा बरं वाटतं. पण तसं नव्हतं. बापूंना कळलं असतं तर त्यांनी खडकावर चढून सगळ्या पठाराला सांगितलं असतं, आणि खाली उतरून मला पाणी पाजलं असतं. आत एक, बाहेर एक असा तो माणूस नव्हता. ते सरळ मनानं माझ्या घरी येत होते आणि सरळ मनानं माझे उपकार मानत होते.

एकदा मी ठरवून बसलो होतो. ते आले. मी म्हणालो, "बापू, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"बोल की. पण आदी पाणी दे, चालून घसा सुकलाय." प्याले. तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं बघून हसले. "तुझं बोलणं कायबी असू दे. एवढं ऐक. मी गेल्यावर ह्या पाण्यासाठी गावाला अडवू नगंस. माज्यासारखं करू नगंस."

मी म्हणालो, "नाही अडवणार."

"हां. आता तुझं बोल."

मी डाळिंबाच्या भावाबद्दल बोललो.

त्या बागेचंही सांगून टाकतो. तिला तेल्या रोग पडला आणि काही वर्षांतच ती उपटावी लागली. म्हणजे ज्यासाठी पाणी ओढलं ती बाग राहिली नाही. तेव्हा तरी भोकं बुजवता आली असती. मी बुजवली नाहीत, कारण तोवर मला विहिरीवरचा मान आवडायला लागला होता. बाया "आण्णा, पाणी घेऊ का?" असं विचारायच्या. एसटीत आयुष्यभर लोकांनी मला सुट्ट्या पैशांसाठी शिव्या दिल्या. आता म्हातारपणी गाव मला पाणी देणारा म्हणत होतं. ते सुटेना.

गेल्या वैशाखात बापू गेले. दुपारी खाटेवर पडले होते, उठलेच नाहीत. दहाव्याला ओढ्याकाठी मांडव पडला, माइक आला, खालून गाड्या भरून माणसं आली. आमच्याकडं दशक्रियेला प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं. एका पुढाऱ्यानं बापूंचं पुष्कळ कौतुक केलं आणि शेवटी म्हणाला, "माणूस म्हटल्यावर एखादी चूक होतेच. पण त्यांनी ती कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा." माणसांनी माना हलवल्या. वहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मग कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. बांधाला बांध असलेला शेजारी, आणि पाणी देणारा.

मी छत्रीची गोष्ट सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी माइक खाली ठेवला.

घरी आलो आणि जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात आळेफाट्याला जाऊन तो मशीनवाला शोधला. तो थकला होता, मुलगा धंदा बघत होता. म्हटलं, भोकं बुजवायची आहेत. तो मुलगा म्हणाला, "आबा, लोक पाडायला बोलावतात, बुजवायला कोणी बोलावत नाही." त्यांनी विहिरीत उतरून भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि वरून सिमेंट भरलं. गावाला सांगितलं, विहिरीची डागडुजी चालली आहे. तेवढंही खरं बोलायचं धाडस झालं नाही. वाटलं होतं, पाणी गुपचूप परत जाईल आणि माझं ओझं उतरेल.

पाऊस बरा झाला. दिवाळीला बापूंच्या विहिरीतला कोनाडा बुडाला. माघातही बुडलेलाच होता. माझी विहीर पूर्वीसारखी खाली गेली. बापूंच्या मुलानं चाकणहून येऊन खाटेखालची मोटार दुरुस्त करून विहिरीत सोडली, थोडा गहू केला. गाव विहीर बघायला लोटलं. मीही काठी टेकत गेलो. आणि तिथं कानांनी ऐकलं.

"बापू गेला अन् झरा मोकळा झाला," एकजण म्हणाला.

"त्येच्या जिवावर कोप व्हता. तो संपला," दुसरा म्हणाला.

वहिनी हौदाशी भांडी घासत होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान वर केली नाही. हात तेवढा थांबला.

माझ्या गुपचूप फेडीनं हे झालं होतं. बापू होते तोवर त्यांची चूक ही निदान गावाची समजूत होती. आता विहिरीनंच साक्ष दिली, असं लोकांना वाटत होतं.

मी आधी कळंबला गेलो. भावजय तिथं भावाच्या शेतात राबते. केस पिकलेत. तिनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, भंडाऱ्यापासून सिमेंटपर्यंत. चहा उतू गेला तरी ती उठली नाही.

"मी तो कांदा लावला नसता तर, असं मी रोज म्हणत आले," ती म्हणाली. "रोज. भाऊजी जायच्या आदी एकदा भेटायला आले व्हते. तवाबी मी त्येंच्या पाया पडून माफी मागितली. अन् ते माझी मागत व्हते."

मी डोळे पुसायला लागलो.

"माझ्यापुढं रडू नका आण्णा. मला सांगून काय व्हणार? मला गाव बोललं. तुमी गावाला सांगा." मी उठलो तेव्हा ती दारापर्यंत आली. "जाऊबाईंला आदी सांगू नका. त्या तुमाला गप बसवतील. त्या त्येंच्यासारख्याच हाइत."

होळी झाली. दुसऱ्या दिवशी कितीतरी वर्षांनी बापूंच्या विहिरीवर दोर बांधला गेला. जुने गडी फार राहिले नाहीत, पण नवी पोरं मोबाइल खिशात घालून दोराला लागली. मीही मागं जाऊन दोर धरला. कुणीतरी म्हणालं, "आण्णा, तुमी बसा, कंबर मोडंल." मी सोडला नाही. बापूंच्या मुलानं काठावरून खूण केली आणि मोटार पाण्यातून सुटली. ती अर्ध्यात आली तेव्हा मी म्हणालो, "थांबा. मला सांगायचंय."

"आदी मोटार घ्या वर," पुढचा म्हणाला.

"न्हाई. आत्ताच."

मोटार विहिरीत लोंबकळत होती, त्यामुळं कुणाला दोर सोडून जाता येईना. मी सांगितलं. माझा आवाज हाळीचा नाही, पण ओळीच्या टोकापर्यंत गेला. मशीन उतरवताना बापूंनी दोर धरला होता तेही सांगितलं. भोकं कुठल्या अंगानं मारली ते सांगताना हात दोरात होते, म्हणून मानेनं कडुनिंब दाखवला. उशिरा काढलेल्या मोटारीनं विहीर आटली नव्हती, कांद्यानं आटली नव्हती, हे दोनदा म्हणालो.

दोर हातांत करकरत होता. मग माझ्याच वयाचा एकजण, बापूंबरोबर सावडीला जाणारा, मान न वळवता म्हणाला, "अन् हे आता सांगतोस व्हय?"

"हो."

"तो व्हता तवा जीभ कुठं व्हती तुझी?"

मी दोर आणखी घट्ट धरला.

"ओढा रे," तो म्हणाला, आणि आम्ही मोटार वर घेतली. ती काठावर टेकल्याबरोबर सगळ्यांनी दोर सोडला. माझ्या आजूबाजूची माणसं बाजूला झाली. एका पोरानं थुंकल्यासारखं केलं. मी दोराचं टोक हातात धरून तसाच उभा होतो.

वहिनी गुळाची ताटली आणि तांब्या घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रीतीप्रमाणे त्या एकेकाला गूळ देत, पाणी देत ओळीनं आल्या. माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, पुढं जातील. गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी..."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. कडुनिंबाकडं बघत होत्या. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला.

"आदी पाणी," त्या म्हणाल्या.

मी प्यालो. चव ओळखीची होती. इतकी वर्षं तीच माझ्या घरात होती.